मोबाईलमधला क्लॅरिनेट दमत नाही

बाई,

मी बेळगावातल्या वडगावचा, वय २४. घरी चार यंत्रमाग आहेत, बाबा साड्या विणतात. मी बी.कॉम. करून उद्यमबागेत एका वर्कशॉपात हिशेब बघतो, पगार १६ हजार. शाळेत असताना हिंडलग्याच्या एका निवृत्त बँडवाल्या हवालदारांकडे क्लॅरिनेट शिकलो, स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवरची पाश्चात्त्य स्वरलिपीही त्यांनीच शिकवली. हार्मनी आणि ऑर्केस्ट्रेशन पुस्तकांतून आणि मोबाईलवर जमेल तसं. गेल्या वर्षी मागांच्या आवाजावरून क्लॅरिनेट आणि चार तंतुवाद्यांसाठी नऊ मिनिटांची एक रचना लिहिली. मुंबईच्या एका कार्यशाळेत ती निवडली गेली, वाजवली गेली, रेकॉर्डही झाली. लोक खूप वेळ टाळ्या वाजवत होते. त्याला आता अकरा महिने झाले. पुढं काहीच नाही.

मुंबईत एकजण म्हणाले, परदेशी स्पर्धांना पाठवायचं तर थोडा राग घाल, ते लोक तेच शोधतात. इथं मित्राच्या गुरुजींनी ऐकलं आणि म्हणाले, हे ना धड इकडचं ना तिकडचं. आता एका वेबसिरीजवाल्यांनी तीच रचना २५ हजारांना मागितलीय, सगळ्या हक्कांसकट. या महिनाअखेर सही हवीय. नोकरी सोडून मुंबईला जाऊ का? परदेशी शिकायला जाऊ का? सही करू का? बाबा विचारतात, 'हे ऐकणार कोण की?' मला उत्तर देता येत नाही. रचनेची पानं सोबत जोडलीत.

– एक वाचक, वडगाव

*

बाळ,

पैशांचं आधी सांगते, कारण तारीख फक्त त्यालाच आहे. त्या कागदावर सही करू नकोस.

आपला १९५७ चा कॉपीराइट कायदा संगीतकाराच्या बाजूचा आहे, पण तो वाचायचा कंटाळा सगळ्यांना येतो आणि कंपन्या त्या कंटाळ्यावरच जगतात. रचना तू लिहिलीस तेव्हाच तिचा हक्क तुझा झाला. नोंदणी केली तर पुरावा म्हणून चांगली, पण हक्क तिच्यावर अडून नाही. तो तुझ्या हयातीत चालतो आणि पुढं ६० वर्षं तुझ्या वारसांना मिळतो. दुसऱ्याला द्यायचा तर लेखी, सहीनिशी द्यावा लागतो. करारात मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत धरतो. म्हणून तर त्यांच्या कागदावर 'कायमस्वरूपी' आणि 'संपूर्ण विश्वात' असे शब्द असतात. (हल्ली विश्वच लिहितात. पृथ्वी पुरत नाही त्यांना.) २०१२ च्या दुरुस्तीनंतर आणखी एक गोष्ट झाली. चित्रपटात गेलेल्या संगीताचा थिएटरबाहेर वापर झाला, तर त्या रॉयल्टीतला संगीतकाराचा वाटा त्याला कुणाला लिहून द्यायचा म्हटलं तरी देता येत नाही. वारसांना किंवा हक्क सांभाळणाऱ्या संस्थेलाच देता येतो. कायद्याच्या व्याख्येत चित्रपट म्हणजे कुठलंही दृश्य-मुद्रण, हे वाचून ठेव. अशी रॉयल्टी गोळा करणारी आयपीआरएस ही संस्था १९६९ पासून आहे. तिचा सभासद हो, हे काम पुढच्या आठवड्यातलं.

आणि एक गोष्ट तुझ्या ध्यानात आलेली दिसत नाही. रचना तुझी, पण मुंबईत झालेलं रेकॉर्डिंग ही निराळी मालमत्ता आहे. ते ज्यांनी करून घेतलं त्यांचा त्यावर हक्क, आणि वाजवणाऱ्या पाचजणांचे कलाकार म्हणून वेगळे हक्क. वेबसिरीजवाल्यांना बहुतेक ते रेकॉर्डिंगच हवं असणार, कारण कागदावरचे काळे ठिपके घेऊन ते काय करणार? ते तुला परस्पर विकताच येत नाही. तेव्हा त्यांना कळव: या एका मालिकेसाठी, ठरावीक वर्षांसाठी, नावासह, नॉन-एक्स्क्लुझिव्ह (म्हणजे दुसऱ्यालाही देता येईल असा) परवाना देतो, रेकॉर्डिंगचं तुम्ही त्या मंडळींशी बोला. २५ हजार कमी झाले तरी चालतील. नाही म्हणाले तर नाही.

माझं सांगते. पस्तीस वर्षांपूर्वी एका कॅसेटवाल्यांना मी बालगीतांच्या सहा चाली करून दिल्या. कागद वगैरे काही नाही. पाचशे रुपये आणि एक साडी मिळाली, तीसुद्धा शहापुरातलीच, म्हणजे माझ्याच पेठेतली. त्यातली एक चाल पुढं बालवाड्यांच्या स्नेहसंमेलनांत, मग कुठल्या कुठल्या मोबाईलवर ऐकली. नाव कुणाचंच नाही. साडीची आता पायपुसणीसुद्धा उरली नाहीत, चाल अजून चालू आहे.

आता नोकरी. सोडू नकोस. हे मी भित्रेपणानं सांगत नाही.

फिलिप ग्लास हे आजचे जगातले बहुधा सगळ्यांत जास्त वाजवले जाणारे संगीतकार. पॅरिसमध्ये शिकत असताना त्यांना पंडित रविशंकरांचं संगीत स्टाफ नोटेशनमध्ये उतरवायचं काम मिळालं आणि तालाकडे बघायची त्यांची नजरच बदलली. नंतर न्यूयॉर्कला त्यांनी नळकाम केलं, टॅक्सी चालवली. १९७६ मध्ये मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाऊसमध्ये त्यांचा ऑपेरा झाला, तरी टॅक्सी सुटली नाही. पोट संगीतावर चालायला लागलं तेव्हा चाळिशी उलटली होती. एकदा भांडी धुण्याचं यंत्र बसवायला एका घरी गेले, तर ते घर एका नामांकित कलासमीक्षकाचं निघालं. तो म्हणाला, अहो, तुम्ही तर कलावंत! ग्लास म्हणाले, हो, आणि प्लंबरपण आहे, बाजूला व्हा जरा, मला काम संपवू दे. ही गोष्ट ते स्वतःच सांगतात.

आपल्या देशातलं उदाहरण जास्त जवळचं आहे आणि जास्त कडू. वनराज भाटिया. जन्म १९२७. लंडनच्या रॉयल अकॅडमीत शिकले, पॅरिसला नादिया बुलांजेंकडे शिकले. याहून मोठं शिक्षण त्या काळी जगात नव्हतं. परत आले तर इथं त्यांच्या गंभीर रचना वाजवायला वाद्यवृंदच नव्हते. मग जाहिरातींच्या जिंगल्स केल्या, हजारांनी. लिरिलची ती धून त्यांचीच. समांतर सिनेमाला संगीत दिलं, राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पद्मश्री मिळाली. आणि आयुष्याची शेवटची कित्येक वर्षं गिरीश कर्नाडांच्या, आपल्या धारवाडच्या कर्नाडांच्या, नाटकावर एक ऑपेरा लिहीत बसले. त्याचे पहिले दोन अंक वाजले ते न्यूयॉर्कला. २०२१ मध्ये गेले. त्याआधी त्यांची पैशांची ओढाताण वर्तमानपत्रांत आली होती. हे तुला घाबरवायला सांगत नाही. एवढ्या तोलामोलाच्या माणसाला कमी कशाची पडली ते बघ. विद्या होती, कामही होतं. रचना हातात घेऊन वाजवायला बसणारी माणसं नव्हती.

माझं सगळं म्हणणं एवढंच आहे. तू पत्रभर स्पर्धा, मुंबई, परदेश यांबद्दल लिहिलंस. वाजवणाऱ्यांबद्दल एक ओळ आहे, हवालदारांची. अकरा महिने पुढं काही झालं नाही, याचं कारण मुंबईच्या त्या पाचजणांना तुझ्या गावाचा पत्ता माहीत नाही आणि तू इथल्या पाचजणांसाठी काही लिहिलेलं नाहीस.

मुंबईला जाऊन काय करणार? एनसीपीए या तिथल्या कलाकेंद्रात २००६ साली सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया उभा राहिला. देशातला पूर्णवेळ व्यावसायिक वाद्यवृंद तो एकच. एका दारापुढं सगळा देश रांगेत उभा आहे. त्या रांगेत शेवटी उभं राहायचं भाडं मुंबईत १६ हजारांत भागत नाही.

इथं काय आहे ते मोज. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावात आहे. पचमढीच्या लष्करी संगीत शाळेत शिकून आलेले, पेन्शनीत निघालेले बँडवाले हिंडलगा, गणेशपूर, कॅम्प इथल्या गल्ल्यांत राहतात. क्लॅरिनेट, आणि कॉर्नेट, युफोनियम, ट्रोम्बोन ही फुंकायची पितळी वाद्यं. सगळ्यांना स्टाफ नोटेशन येतं, म्हणजे कागद समोर ठेवला की वाजतो. असं मनुष्यबळ पुण्यातसुद्धा एका गल्लीत सापडायचं नाही. सकाळी फिरायला जातात, दुपारी झोपतात. त्यांना कुणी शेवटचं काही नवीन वाजवायला कधी दिलं होतं? कॅम्पातल्या चर्चच्या क्वायरमध्ये व्हायोलिनवाले सापडतील, एखादा चेलोही. चोर्ल्याच्या घाटातून तीन-साडेतीन तासांत पणजी. तिथल्या कला अकादमीत पाश्चात्त्य संगीताचा विभाग आहे, मुलं वाजवायला तहानलेली असतात. हार्मोनियमचं तर विचारूच नकोस. पंडित रामभाऊ विजापुरे २०१० साली गेले, पण त्यांच्या हाताखालून गेलेली बोटं अजून गावात आहेत.

तेव्हा पुढची रचना क्लॅरिनेट, युफोनियम, हार्मोनियम आणि हलगीसाठी लिही. हसू नकोस. हार्मोनियमला मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, येत नाही, क्लॅरिनेटला बऱ्यापैकी येते, यातच अर्धी रचना सापडेल. तुझ्या बी-फ्लॅट क्लॅरिनेटवरचा लिहिलेला 'सी' ऐकू येतो तो बी-फ्लॅट, म्हणजे पेटीवाल्याची काळी पाच, पाचवी काळी पट्टी. आता पेटीवाल्याला 'बी-फ्लॅट' म्हणालास तर तो चहा मागवेल. 'काळी पाच' म्हणालास तर हात ठेवेल. दोन भाषा बोलता येणारा माणूस तालमीत एकटा तूच असशील. ती तालीमच तुझी शाळा आहे. नोटेशन लिहायचं म्युझस्कोर हे सॉफ्टवेअर संगणकावर फुकट आहे, चांगलं आहे, वापर. पण त्यातला काय, मोबाईलमधला काय, क्लॅरिनेट दमत नाही, ओठ सुजत नाहीत त्याचे, आणि पान उलटायला त्याला हात लागत नाही. तुझ्या पानांत क्लॅरिनेटच्या भागात दोन ठिकाणी पान उलटायची वेळ अगदी धावत्या जागी आलीय. प्रत्यक्ष वाजवणाऱ्यानं एकदा कपाळावर आठी घातली की ही चूक आयुष्यात पुन्हा होत नाही.

असं करणारे आपल्याकडं झालेत. गोव्याच्या माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, ज्यांना प्यारेलाल गुरू मानत, मुंबईच्या स्टुडिओंत पोटासाठी व्हायोलिन वाजवायचे. १९५८ साली त्यांनी तिथल्याच वादकांना गोळा करून रागांवर आधारलेल्या वाद्यवृंद-रचना लिहिल्या आणि सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात वाजवल्या. गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे. वाद्यवृंद फार काळ टिकला नाही, हेही खरं. पण ज्यांच्याबरोबर रोज सकाळी शिफ्टला बसायचं त्यांनाच घेऊन केलं त्यांनी.

पैसे? सुरुवातीला रचनेचे मिळणार नाहीत. रचनेच्या आजूबाजूचे मिळतील. कुणाला क्वायरसाठी गाणं चार आवाजांत बांधून हवं असतं, कुणाला हस्तलिखित नीट छापील नोटेशनमध्ये करून हवं असतं, लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या संगीताच्या ग्रेड परीक्षांना बसणाऱ्या पोरांना थिअरी शिकवणारं कुणीतरी लागतं. नरेश सोहल १९६२ मध्ये पंजाबातून लंडनला गेले तेव्हा एका प्रकाशकाकडे नोटेशनच्या नकला करायचे. पुढं १९८२ मध्ये त्यांची रचना बीबीसीच्या प्रॉम्स या लंडनमधल्या संगीत महोत्सवात वाजली. नकला करताना दुसऱ्याची हातचलाखी दिसते, ते शिक्षण वेगळंच.

राग घालू का, हा प्रश्न मला आवडला नाही. राग म्हणजे काय मसाला आहे? चव कमी पडली म्हणून वरून टाकायचा? आणि त्या गुरुजींचंही मनावर घेऊ नकोस. कुमार गंधर्व इथल्या सुळेभावीत १९२४ मध्ये जन्मले. देवासला क्षयानं अंथरुणावर पडले असताना माळव्यातल्या बायाबापड्यांची गाणी कानावर पडत राहिली, त्यातून त्यांचे धुनउगम राग आले. त्यांनाही ऐकवणारे होते की हे शास्त्रात बसत नाही. तुझ्या अंथरुणापाशी वीस वर्षं माग वाजतोय. तो लिहिलास हे बरोबर केलंस. राग आला तर येऊ दे, परीक्षकाच्या सोयीसाठी आणू नकोस. स्पर्धांचं एवढंच बघ: बहुतेक ठिकाणी नाव झाकून टोपणनावानं पाठवायचं असतं, म्हणजे तू कुठला हे त्यांना कळतही नाही. प्रवेश फी भरमसाट असेल, किंवा जिंकल्यावर रचना प्रत्यक्ष वाजवणार असं लिहिलेलं नसेल, तर पाठवू नकोस. वर्षाला तीन पुरेत.

परदेश. जा, पण आता नाही, आणि कर्ज काढून नाही. जर्मनीच्या सरकारी संगीत महाविद्यालयांत बहुतेक राज्यांत फी जवळजवळ नाही, पण जर्मन यावं लागतं आणि प्रवेश परीक्षा कडक असते. अमेरिकेत कॉम्पोझिशनच्या पीएच.डी.ला चांगली विद्यापीठं फी माफ करून वर शिकवण्याचं काम देतात. मास्टर्सला तसं क्वचितच. ब्रिटनच्या कॉन्झर्व्हेटरी, म्हणजे संगीत महाविद्यालयं, महाग. जे.एन. टाटांचा निधी १८९२ पासून कर्जरूपानं शिष्यवृत्ती देतो. पण या सगळ्या दारांवर पहिलं एकच मागतात: तीनेक रचना, आणि त्या माणसांनी वाजवलेल्याचं रेकॉर्डिंग. तुझ्याकडं एकच आहे. दोन वर्षं इथं आणखी दोन-तीन रचना वाजवून घे, मग अर्ज कर. आणि काही झालं तरी बाबांनी माग गहाण ठेवायचे नाहीत. ते म्हणाले तरी नाही.

बाबांचं राहिलं. त्यांचा प्रश्न तू टोमणा म्हणून घेतलास. पुन्हा वाच. साडी मागावर चढवायच्या आधी ती कुठला सावकार उचलणार हे त्यांना ठाऊक असतं, नाहीतर ताणा लावतच नाहीत. त्यांनी हिशेब विचारलाय. 'ऐकणार कोण की?' याचं खरं उत्तर आज तरी 'आधी वाजवणारे चारजण आणि त्यांच्या घरचे' एवढंच आहे, आणि ते सांगायला लाजू नकोस. शाळेचा एखादा हॉल, रविवारची संध्याकाळ, चाळीस खुर्च्या. खायला कुंदा ठेव, माणसं येतात.

पण मला वेगळंच विचारायचं होतं. बाबांनी ती रचना ऐकलीय का? तू लिहिलेलं नाहीस. मला वाटतं ऐकलेली नाही. कारण माझ्या भिंतीपलीकडं तीस वर्षं माग होते, आणि तुझी पानं बघून मला एक शंका आली. तुझ्या रचनेत चारही माग पहिल्यापासून शेवटपर्यंत एका तालात चालतात. असं कुठं होतं? चार माग एका वेळी सुरू केले तरी पाच मिनिटांत एक पुढं सरकतो, एक मागं राहतो, मध्येच दोन जुळतात, पुन्हा सुटतात. अमेरिकेचे स्टीव्ह राईश १९६५ मध्ये दोन टेप मशीन एकत्र वाजवायला बसले, ती हळूहळू एकमेकांपासून सुटत गेली, आणि त्या सुटण्यावरच त्यांनी पुढची कितीतरी वर्षं काम केलं. तुझ्या घरी हे रोज सकाळी आठ वाजता फुकट होतं. कुठला माग किती सरकतो, कांडी संपत आली की आवाज कसा बदलतो, हे बाबांना डोळे मिटून सांगता येईल. त्यांना ऐकव. ते हसतील. का हसले ते विचार आणि लिहून घे.

आता तुझ्या पानांबद्दल. आमच्या गल्लीत बँडमधून निवृत्त झालेले एक क्लॅरिनेटवाले राहतात, वय ७१. तुझी पानं त्यांना नेऊन दिली. चष्मा पुसून दोन दिवस घेऊन बसले, काल संध्याकाळी वाजवून दाखवलं, जिन्यात बसून. पहिली दोन पानं फार छान वाजली. मग बार ६१ ला, म्हणजे नोटेशनमधल्या एकसष्टाव्या खणाला लागले आणि ६८ ला थांबले. लाल झाले होते. म्हणाले, 'बाई, पोराला विचारा की ओ, ह्यात श्वास कवा घ्यायचा?' ६१ ते ७४, चौदा बार, कुठं फट नाही. त्यांनी पेन्सिलीनं तीन ठिकाणी श्वासाचे स्वल्पविराम घातलेत. पानं पोस्टानं परत पाठवतेय, त्यांच्या घराची खूण शेवटच्या पानामागं लिहिली आहे, संध्याकाळी पाचनंतर जा. दुसरा स्वल्पविराम मला स्वतःला पटलेला नाही, तिथं ओळ तुटते. पण वाजवायचंय त्यांना.